पाठीमागचा नाद

मृगाचा पाऊस पडून आमच्या अर्जुनी मोरगांवच्या भोंवतालच्या बांध्या पाण्यानें भरल्या, म्हणजे रात्रीं बेडकांचें जें अखंड गायन सुरू होतें तें आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचें आहे. अंगणांत खाट टाकून पडलेल्या मनुष्यास त्या वेळीं कोणी विचारलें, कीं बाबा, हे बेडूक कोणीकडे ओरडत आहेत, तर तो काय उत्तर देणार? समोरच्या बोडींतला एखादा जाड्या आवाजाचा बेडूक तेवढा बोटानें दाखवितां येईल. परंतु बाकीचा सारा नाद पुढून, मागून, उशाकडून, पायथ्याकडून, इतकेंच नव्हे तर वरूनहि आल्यासारखा वाटतो, आणि ऐकणारा त्याच्या मध्यभागीं पडलेला असतो. हिवाळ्यांत पहाटे नवेगांवबांधच्या तलावाच्या पाळीवर उभें राहिलें असतां पाणपांखरांच्या शब्दांचाहि असाच अनुभव येतो. तेथें भोंवतीं डोंगर असल्यामुळें एखादी हांक पाण्यावरून दूर जाते आणि क्षणभरानें दुसऱ्याच बाजूनें परत येते.

आतां हाच नाद कोणी यंत्रांत भरून घरीं आणला आणि स्टिरिओच्या दोन पेट्यांतून ऐकविला, तर काय होतें? बेडूक तेच, गायनहि तेंच. पण ते सर्व समोरच्या भिंतीपाशीं गोळा होऊन बसलेले! आपण त्यांच्यामध्यें नसतों. आपण जणूं घराच्या आंत आहों आणि एका खिडकींतून बाहेरचें ऐकत आहों, असा तो प्रकार असतो. आवाज गोड असेल, स्पष्ट असेल, तथापि पाठीमागें सर्व शून्य. हें शून्य भरून काढण्याची एक फार स्वस्त व फार चतुर युक्ति आहे. ती आम्हीं गेल्या हिवाळ्यांत एका शेजाऱ्यांच्या घरीं करून पाहिली. तिची हकीकत आणि तिच्यामागील शास्त्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, म्हणून हा लेख.

प्रथम कानांविषयीं थोडेंसें. आपले कान डोक्याच्या दोन बाजूंस आहेत याचा उपयोग असा, कीं उजवीकडचा आवाज उजव्या कानास किंचित् आधीं आणि किंचित् मोठा ऐकूं येतो. वीस अंश सेल्सिअस उष्णतेच्या हवेंत आवाज सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो, आणि डोक्याची रुंदी ती केवढी! तेव्हां दोन कानांमधील हा वेळेचा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि लहान असतो. तरी मेंदू तेवढ्यावरून दिशा ठरवितो आणि बहुधा चुकत नाहीं. गणिताच्या तासास पांच पांच मिनिटें उशिरां येणाऱ्या आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं आपल्याच मेंदूचा हा काटेकोरपणा अवश्य लक्षांत घ्यावा.

दोन कानांसाठीं दोन निरनिराळे आवाज पाठवावे ही कल्पना बरीच जुनी आहे. सन १८८१ मध्यें पॅरिस येथें विजेचें मोठें प्रदर्शन भरलें होतें. तेथें क्लेमां आदेर नांवाच्या फ्रेंच शोधकानें नाट्यगृहांतलें गायन टेलिफोनच्या तारांनीं आणून, दोन कानांस दोन वेगळे टेलिफोन लावून लोकांस ऐकविलें. पुढें इंग्लंडांत ॲलन ब्लमलाइन यानें सन १९३१ मध्यें ज्या पेटंटासाठीं अर्ज केला, त्यांत आज आपण ज्यास स्टिरिओ म्हणतों त्याचीं बहुतेक मूलतत्त्वें सांपडतात. त्याच्याविषयीं अशी गोष्ट सांगतात, कीं तो बोलपट पाहावयास गेला असतां पडद्यावरचा नट एका टोकापासून दुसऱ्या टोकास चालत गेला, परंतु त्याचा शब्द मात्र जागचा हलला नाहीं. हें त्यास खटकलें. मागच्या बाजूचा विचार प्रथम केला तोहि चित्रपटवाल्यांनींच. वॉल्ट डिस्ने यांच्या सन १९४० च्या ‘फँटेशिया’ या चित्रपटासाठीं कांहीं मोठ्या नाट्यगृहांत प्रेक्षकांच्या भोंवतींहि स्पीकर मांडले होते. आपल्याकडे सन १९७५ मध्यें निघालेला ‘शोले’ ज्यांनीं मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहांत सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर पाहिला, त्यांच्याविषयीं अशी आख्यायिका आहे, कीं फेंकलेल्या नाण्याचा खणखणाट ऐकून कित्येकांनीं आपल्या खुर्चीखालीं वाकून पाहिलें.

परंतु चित्रगृहांत मागच्या आवाजासाठीं निराळी सोय केलेली होती. घरच्या स्टिरिओंत मार्ग दोनच. एक डावा व एक उजवा. मग तिसरा आवाज आणावयाचा कोठून? या प्रश्नाचें सुंदर उत्तर अमेरिकेंतील डेव्हिड हाफलर यांनीं सन १९७० च्या सुमारास लोकांपुढें मांडलें. फिलाडेल्फिया येथील डायनॅको कंपनीच्या संस्थापकांपैकीं हे एक. त्यांचें म्हणणें असें, कीं तिसरा आवाज नव्यानें आणण्याची गरजच नाहीं. तो त्या दोन मार्गांच्या पोटांत आधींपासून दडलेला आहे. फक्त वजाबाकी करावी!

ही वजाबाकी कशी, तें सातवीच्या मुलासहि समजेल. समजा, गायक रंगमंचाच्या मध्यभागीं उभा आहे. त्याचा आवाज दोन्ही मायक्रोफोनांत सारखाच शिरतो. डाव्या तारेंत ७, उजव्या तारेंतहि ७. सातांतून सात वजा केले असतां बाकी शून्य. म्हणजे गायक नाहींसा झाला. आतां त्याच गायकाचा शब्द भिंतीवर, छपरावर आपटून, दहा ठिकाणीं ठेंचाळत मायक्रोफोनाकडे परत येतो. तो दोन्हींकडे सारखा कधींच पोंचत नाहीं. एखाद्या क्षणीं डावीकडे अधिक ३ असेल, तर उजवीकडे उणें २. अधिक तिनांतून उणें दोन वजा केले कीं बाकी ५. तात्पर्य, जें समोरून नीट आलें तें गेलें आणि जें भोंवतालून विस्कळीत आलें तेवढें उरलें. दगडी मंदिरांत गीत संपल्यावर शेवटचा स्वर छपरापाशीं क्षणभर रेंगाळतो, तो स्वर; श्रोत्यांची कुजबूज, खोकला, टाळ्या; हें सर्व त्या बाकींत सांपडतें. अर्थात् एखादा तबलजी अगदीं एका बाजूस बसला असेल, डावीकडे ६ व उजवीकडे २, तर त्याचाहि ४ इतका भाग मागें येणारच. ही वजाबाकी आवाज कोणत्या जातीचा आहे हें पाहात नाहीं. तिला फरक तेवढा कळतो.

आणखी गंमत अशी, कीं ही वजाबाकी करण्यास कोणतेंहि गणितयंत्र लागत नाहीं. विजेचा प्रवाह दोन टोकांमधील दाबाच्या फरकानेंच वाहतो. तेव्हां एखादा स्पीकर ॲम्प्लिफायरच्या डाव्या व उजव्या अशा दोन लाल टोकांच्या मध्यें जोडला, म्हणजे त्याच्या वांट्यास आपोआप फरकच येतो. तारेचा एक तुकडा जें काम करतो, त्यासाठीं मनुष्यानें केवढीं यंत्रें बांधलीं आहेत!

आतां शेजाऱ्यांची हकीकत सांगतों. आमच्या घरालगत एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. आम्ही त्यांस काकाजी म्हणतों. त्यांची सारी हयात झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजविण्यांत गेली. येथें पेटी म्हणजे हार्मोनियम, स्पीकरची नव्हे. दूरच्या वाचकांसाठीं सांगावयास हवें, कीं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतला जो धानाचा आणि रानाचा प्रदेश त्यास झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली कीं गांवोगांव मंडई भरते आणि मंडईच्या रात्रीं नाटक होतें. तें रात्रीं सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतें. लेंकीबाळी माहेरीं येतात, सोयरेधायरे बैलबंडीनें, आतां मोटारसायकलीनें, येतात. ज्या घरीं मंडईस पाहुणा नाहीं त्या घरास करमत नाहीं. या नाटकमंडळ्यांचें मुख्य ठाणें वडसा, म्हणजेच देसाईगंज. आमच्या अर्जुनीवरून जाणाऱ्या आगगाडीच्या रस्त्यावरच तें आहे. सन २०२३ मध्यें या रंगभूमीवरील नट डॉ. परशुराम खुणे यांस भारत सरकारनें पद्मश्री दिली, तेव्हां काकाजींच्या खाटेवरच पेढे वांटले गेले.

खाटेवर म्हणण्याचें कारण, दोन वर्षांपूर्वीं पाय घसरून काकाजींच्या खुब्याचें हाड मोडलें. तेव्हांपासून अंगणापलीकडे त्यांचें जाणें नाहीं, आणि चाळीसांहून अधिक वर्षांत प्रथमच त्यांची मंडई चुकली. त्यांचा मुलगा आमचाच जुना विद्यार्थी. त्यानें गेल्या वर्षीं शेजारच्या एका गांवचें नाटक, दोन मायक्रोफोन असलेल्या एका लहानशा यंत्रांत रात्रभर बसून उतरून आणलें. यंत्र त्यानें नेमकें तेथें ठेविलें, जेथें त्याचे वडील बसत असत; म्हणजे रंगमंचाच्या अगदीं पुढ्यांत. घरीं जुना स्टिरिओ होता. त्यावर नाटक लागलें, घरांतलीं सर्व मंडळी जमलीं, आम्हांसहि बोलावणें आलें. काकाजींनीं डोळे मिटून दोन अंक ऐकले आणि मग ते म्हणाले,

“मास्तर, नाटक झकास आहे जी. पण मंडळी कुठं गेली? रिकाम्या मांडवात वाजवलं का जी यांनी?”

मुलाच्या मनास हें फार लागलें. मांडवांत दोन-तीन हजार माणूस होतें हें त्यानें स्वतः पाहिलें होतें. दुसऱ्याच दिवशीं तो शहरांतल्या एका दुकानीं गेला. दुकानदारानें त्यास पांच पेट्यांचा नवा संच दाखविला आणि जुना स्टिरिओ भंगारांत घालावा असा सल्ला दिला. निम्मी रक्कम रोख, उरलेली हप्त्यांनीं. मुलगा परत येऊन आमच्याशीं बोलला तेव्हां धानाच्या चुकाऱ्याचे पैसे नुकतेच हातांत आले होते. परंतु ते त्याच्या मुलीच्या वसतिगृहासाठीं बाजूस ठेवलेले होते, हें आम्हांस ठाऊक होतें आणि त्यासहि ठाऊक होतें. एकीकडे खाटेवरचा बाप, दुसरीकडे अकरावींत गेलेली मुलगी. त्यानें आमचें मत विचारलें नाहीं. पण तो उठेनाहि. शेवटीं आम्हीं म्हटलें, “एक रविवार थांब. तुझ्या माळ्यावर जुन्या टेपरेकॉर्डरच्या दोन पेट्या पडलेल्या मीं पाहिल्या आहेत, त्या तेवढ्या खालीं काढून ठेव.”

रविवारीं दुपारीं आम्ही सामान घेऊन गेलों. पेट्यांत उंदरांनीं घर केलें होतें, परंतु स्पीकरांचे पडदे शाबूत होते. दोन्ही आठ ओहमांचे. प्रथम ॲम्प्लिफायर बंद करून त्याचा प्लग भिंतींतून काढला. नंतर मल्टिमीटरानें डाव्या व उजव्या बाजूंच्या काळ्या टोकांमधील रोध मोजला. तो जवळजवळ शून्य भरला, म्हणजे दोन्ही काळीं टोकें आंतून एकच आहेत हें कळलें. ही परीक्षा फार महत्त्वाची आहे. तिचें कारण पुढें सांगूं. मग डाव्या लाल टोकापासून एक तार मागच्या डाव्या पेटीच्या अधिक टोकास नेली. त्या पेटीचें उणें टोक मागच्या उजव्या पेटीच्या उण्या टोकास जोडलें. आणि उजव्या पेटीच्या अधिक टोकापासूनची तार ॲम्प्लिफायरच्या उजव्या लाल टोकास आणली. झालें! ॲम्प्लिफायरच्या काळ्या टोकांस मागची कोणतीहि तार लागली नाहीं. पुढच्या पेट्या होत्या तशाच राहिल्या.

यंत्र सुरू करून पहिल्यानें आकाशवाणीच्या बातम्या लावल्या. पुढच्या पेट्या बोलूं लागल्या, मागच्या अगदीं गप्प. मुलानें त्यांस कान लावून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

“सर, ह्या चालत नाहीत.”

“चालत नाहींत म्हणूनच जोडणी बरोबर आहे,” असें आम्हीं सांगितलें. बातम्या सांगणारी बाई एकटीच. तिचा आवाज दोन्ही मार्गांत सारखा. सातांतून सात गेले. अशा वेळीं मागच्या पेट्या मोठ्यानें बोलूं लागल्या, तर कोठें तरी तार उलटी लागली आहे किंवा डाव्या-उजव्या आवाजाचा तोल ढळला आहे असें समजावें.

मग नाटक लावलें. पहिल्या क्षणींच घरांतलीं मुलें मागें वळून पाहूं लागलीं. मागच्या भिंतीपाशीं मांडव उभा राहिला होता! हजारों माणसांची कुजबूज, एक रडणारें तान्हें मूल, कोणाचा तरी खोकला, शीळ, चणेफुटाणेवाल्याची हांक, आणि या सर्वांच्या तळाशीं जनरेटरची घरघर. हें सर्व त्या नोंदींत पहिल्यापासून होतें, फक्त तें गायकाच्या आवाजाखालीं दबून समोरच्या भिंतीस चिकटलें होतें. आम्हांस वाटलें, आतां काकाजी प्रसन्न होतील. परंतु काकाजींनीं हात वर केला.

“कमी करा जी. इतकी मंडळी कधी माझ्या मानेवर बसत नव्हती.”

आमच्या मतें या सर्व विद्येंतलें अर्धें मर्म या एका तक्रारींत आहे. मागचा आवाज ऐकूं येतो हें कळलें, कीं मनुष्यास तो मोठा करण्याचा मोह होतो, आणि मग गाणें बाजूस राहून माणूस खोकलाच ऐकत बसतो. आम्हीं मागच्या पेट्यांच्या तारेंत दहा ओहमांचा, दहा वॉट सोसणारा एक रोधक घातला. तरी आवाज अधिक वाटला, म्हणून तसाच दुसरा घातला. त्यानंतर पेट्या जमिनीवरून उचलून मागच्या भिंतीच्या फळीवर, कानांपेक्षां उंच ठेवल्या आणि त्यांचीं तोंडें श्रोत्यांकडून फिरवून भिंतीकडे केलीं, म्हणजे आवाज सरळ न येतां भिंतीवरून पसरून येईल. खाट पुढच्या पेट्यांपासून सुमारें दोन मीटरांवर आणि मागच्या पेट्यांपासून साडेतीन मीटरांवर येईल अशी सरकविली.

खाट सरकविण्यासहि कारण आहे. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानें सन १९४९ मध्यें ग्योटिंगेन येथील आपल्या प्रबंधांत दाखवून दिलें, कीं एकच आवाज दोन ठिकाणांहून अगदीं थोड्या वेळाच्या अंतरानें आला, तर कान पहिल्यानें आलेल्या आवाजाच्या दिशेवर विश्वास ठेवतो. मागाहून आलेला आवाज निराळा ऐकूं न येतां त्यांतच मिसळतो. म्हणून पुढचा आवाज आधीं पोंचला पाहिजे. दीड मीटर अंतर अधिक ठेवलें, म्हणजे मागचा आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजल्यास चार-साडेचार भाग उशिरां येतो. हें फार नाहीं, पण त्या खोलींत तेवढेंच शक्य होतें. सन १९८२ मध्यें डॉल्बी कंपनीच्या नांवानें जी घरगुती सराउंड पद्धति आली तिच्याहि मुळाशीं हीच वजाबाकी होती. तिच्यांत मागचा आवाज यंत्रानेंच मुद्दाम रोखून, वीसएक भाग उशिरां सोडीत आणि त्यांतले फार उंच स्वर गाळून टाकीत. मधल्या काळांत, म्हणजे १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत, चार मार्गांच्या ध्वनिमुद्रिकाहि निघाल्या. परंतु एका कंपनीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट वाजेना, आणि गिऱ्हाइकें कंटाळलीं. हाफलर यांच्या तारेस मात्र कोणाशींच भांडण्याचें कारण नव्हतें.

पुन्हा नाटक सुरू केलें. या वेळीं कोणी मागें वळून पाहिलें नाहीं. काकाजी उशीस टेकून बसले होते, तोंड पुढच्या पेट्यांकडे. तेव्हां आमच्या लक्षांत आलें, कीं जन्मभर ते असेच बसत आले. नट समोर आणि मंडळी पाठीमागें. पेटीवाल्यास प्रेक्षक कधीं दिसत नाहींत. ते त्यास पाठीनें ऐकावे लागतात. मांडव रंगला कीं पेंगला, लोक उठूं लागले कीं सरसावून बसले, हें त्या पाठीमागच्या कुजबुजीवरूनच त्यास समजतें आणि त्याप्रमाणें तो पट्टी चढवितो, लय वाढवितो किंवा गाणें आटोपतें घेतो. दोन पेट्यांच्या स्टिरिओनें त्यांचे सर्व नट त्यांस परत दिले होते. ज्यांच्यासाठीं वाजवावयाचें ते मात्र दिले नव्हते.

तिसऱ्या अंकांत एक पद संपलें आणि मागच्या भिंतीकडून दोन-चार आवाज उठले, “वन्स मोअर!” काकाजींचा उजवा हात पांघरुणावर होता. नोंदींतल्या पेटीवाल्यानें पुन्हा सुरुवात करण्यापूर्वींच त्यांचीं बोटें त्या पदाच्या पहिल्या सुरावर पडलीं होतीं. सून दाराशीं उभी होती, ती आंत निघून गेली.

थोड्या वेळानें, खात्री करून घ्यावी म्हणून, आम्हीं कोणास न सांगतां यंत्र क्षणभर थांबवून मागची तार सोडविली आणि पुन्हा सुरू केलें. काकाजी लगेच म्हणाले, “मांडव उठला का जी?” मागच्या पेट्या चालू आहेत हें कळूं नये, पण बंद झाल्या तर तत्काळ कळावें, एवढाच त्यांचा आवाज असावा; हें प्रमाण आम्हांस कोणत्याहि मोजपट्टीहून अधिक उपयोगी वाटतें. तार व रोधक मिळून खर्च दोनशें रुपयांच्या आंत झाला. वसतिगृहाचे पैसे त्याच आठवड्यांत भरले गेले.

आतां सावधगिरीचे शब्द. ही युक्ति सर्व यंत्रांस चालत नाहीं. कांहीं ॲम्प्लिफायरांत, विशेषतः मोटारगाड्यांतील व हल्लींच्या पुष्कळ लहान यंत्रांत, काळ्या टोकांतहि आवाजाचा प्रवाह असतो. तीं टोकें एकमेकांशीं जोडलेलीं नसतात. अशा यंत्रावर हा प्रयोग मुळींच करूं नये; यंत्र जळण्याचा संभव असतो. म्हणूनच आम्हीं प्रथम मल्टिमीटर लावला. संशय असल्यास जाणत्या मेकॅनिकास विचारावें. दुसरें, ॲम्प्लिफायरवर भार वाढतो. पुढचे स्पीकर आठ ओहमांचे आणि मागचे दोन एकापुढें एक जोडून सोळा ओहमांचे असतील, तर एकाच बाजूस आवाज असतांना त्या बाजूस आठ व सोळा यांचा समांतर भार, म्हणजे सुमारें ५.३ ओहम पडतो. दोन्ही बाजू अगदीं उलट असतांना तो ४ ओहमांपर्यंत उतरतो. हें गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः मांडून पाहावें. ज्या यंत्रावर चार ओहम चालतात असें छापलेलें आहे त्यास भय नाहीं. पुढचे स्पीकरच चार ओहमांचे असतील तर मात्र हा नाद सोडावा.

अपेक्षाहि माफक ठेवाव्या. जुनीं गाणीं एकाच मार्गानें ध्वनिमुद्रित झालेलीं आहेत. त्यांत फरकच नाहीं, तर उरणार काय? त्यांच्या वेळीं मागच्या पेट्या मौन धरतात, आणि तें योग्यच आहे. मोबाइलवर फार दाबून लहान केलेलीं गाणीं असतात, त्यांत नेमका हा फरकाचा भागच आधीं कापला जातो. मागून पाण्यांत बुडबुडल्यासारखा आवाज आला तर दोष तारेचा नव्हे. ज्यांच्या घरीं जुन्या स्टिरिओ तबकड्या आहेत त्यांस मागून कडकड थोडी अधिक ऐकूं येईल, कारण तबकडींत दोन्ही मार्गांची बेरीज सुईच्या आडव्या हालचालींत आणि वजाबाकी उभ्या हालचालींत सांठविलेली असते, आणि धुळीचा कण सुईस उडवितो तो उभाच. तबकडी पुसून घ्यावी. उत्तम फळ मिळतें तें खऱ्या जागेंत, खऱ्या मंडळींपुढें, दोन मायक्रोफोन ठेवून केलेल्या नोंदींत. मग तें नाटक असो, भजन असो, मंदिरांतलें गीत असो किंवा बांधींतले बेडूक.

आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्यानें येत्या मंडईस आणखी दोन गांवचीं नाटकें उतरून आणण्याचें कबूल केलें आहे. मायक्रोफोन कोठें ठेवावा याविषयीं काकाजींनीं त्यास खाटेवरून सूचना देण्यास आतांपासूनच सुरुवात केली आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांस हा प्रयोग पाहावयाचा असेल त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेंत यावें. घरच्या यंत्रास हात लावण्यापूर्वीं वडिलांची परवानगी घ्यावी आणि यंत्राच्या पाठीवर काय छापलें आहे तें वहींत उतरून आणावें. माळ्यावर जुन्या पेट्या असल्यास त्याहि आणाव्या, उंदरांची पिलें आधीं काढून. तार मात्र भरपूर लांब घ्यावी; ती मागच्या भिंतीपर्यंत पोंचली नाहीं अशी तक्रार घेऊन आजवर चार जण येऊन गेले आहेत.